एकतीस नंबरचा पैलवान

ही गोष्ट गडहिंग्लजच्या एका चष्मेवाल्याची आहे. त्याचे नाव उद्धव म्हेत्रे. बाजारपेठेच्या वळणावर त्याचे दुकान होते आणि दुकानामागेच घर. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत काय कमी आहे ते तो चटकन सांगे. गिऱ्हाइकाच्या हातातल्या वस्तूत काय कमी आहे तेही तो सांगे, आणि त्यासाठी कोणी त्याला विचारायची गरज नसे.

उद्धवला एकच नाद होता, चंद्रकोर चहाच्या कार्डांचा. पन्नास वर्षांपूर्वी चंद्रकोर नावाच्या चहाच्या प्रत्येक पुड्यात एक कार्ड निघत असे. काडेपेटीहून थोडे मोठे. पुढच्या बाजूला लंगोट कसलेल्या पैलवानाचे रंगीत चित्र, मागे त्याचे नाव, गाव, वजन आणि आवडता डाव. असे एकूण अठ्ठेचाळीस पैलवान होते. जो सगळे जमवील त्याला कंपनीकडून पितळी डबा मिळणार होता. त्या डब्यापायी पोरांनी आईबापांना दिवसातून चार चार वेळा चहा प्यायला लावला. डबा मात्र फारसा कोणाच्या घरी आला नाही, कारण कंपनीने एकतीस नंबरचा पैलवान मुद्दामच अगदी थोडा छापला होता. पुढे कंपनी बंद पडली, पोरे मोठी झाली आणि कार्डे अडगळीत गेली.

उद्धवची गेली नाहीत. आठव्या वर्षी धरलेला नाद त्याने अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत सोडला नव्हता. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस पैलवान त्याच्याकडे होते, दुर्मिळ एकतीस नंबरही होता. नव्हता तो फक्त चव्वेचाळीस. हा पैलवान अगदी शेवटच्या खेपेत निघाला आणि ती खेप सगळी मराठवाड्यात गेली, असे जाणकार म्हणत. प्लास्टिकच्या कप्प्यांचा एक जाडजूड अल्बम उद्धवने केला होता. अल्बम उघडला की त्याचे बोट आधी त्या रिकाम्या कप्प्यावर जाई.

असा नाद असलेली तीसेक माणसे महाराष्ट्रभर होती. प्रत्येकाचा इंटरनेटवर एक ब्लॉग होता आणि ब्लॉगच्या तळाशी ‘हवी आहेत’ म्हणून एक यादी होती. कुणाला बारा आणि वीस हवे, कुणाला नुसते सात. ज्याच्याकडे ते कार्ड डबल असेल तो ते पाकिटात घालून पाठवून देई. त्याबद्दल काही मागायचे नाही आणि काही मोजायचे नाही. वाईचे शेवडेकाका या मंडळीत सगळ्यांत जुने. त्यांनी सुरुवातीलाच आणखी एक रिवाज घालून दिला होता. मागितलेल्या कार्डाबरोबर एक न मागितलेलेही ठेवायचे. भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते, तसे हे ‘वरचं’. घेणाऱ्याने एवढेच करायचे की पाकीट मिळाले की आपल्या ब्लॉगवर ‘पाकीट आलं’ असे लिहायचे आणि आलेल्या कार्डाचे चित्र लावायचे.

उद्धवही पाकिटे पाठवी. यादीत मागितलेले कार्ड त्याच्याकडे डबल असले तर तो मोकळेपणाने देई, ते खोटे नाही. पण वरचे म्हणून त्याच्याकडून नेहमी नऊ नंबरच निघे. नऊ नंबरचा पैलवान कंपनीने इतका छापला होता की तो प्रत्येकाकडे पाच पाच, सहा सहा पडून होता. गडहिंग्लजहून पाकीट आले की मंडळी उघडण्याआधीच म्हणत, नवव्याला बसायला जागा करा.

आणि पाकीट आल्यावर उद्धव जे लिही, ते तर औरच. दुकानातले भिंग लावून तो आलेले कार्ड तपासी आणि ब्लॉगवर त्याचा निकाल जाहीर करी. कोपरे बरे, पाठ मळकी, रंग उडालेला, दहापैकी सहा. आहेर आणणाऱ्याच्या समोरच कापड ताणून बघावे, तसला हा प्रकार होता. मंडळी हसून सोडून देत. स्वभावाला औषध नसते, असे शेवडेकाका फोनवर सगळ्यांना समजावत.

आता उद्धवचे एक गुपित होते. त्याच्याकडे एकतीस नंबरचा पैलवान एक नव्हता, दोन होते.

दुसरा मिळाला तो असा. निपाणीत एक जुने किराणा दुकान बंद झाले आणि तिथल्या फळीवर चंद्रकोर चहाचा एक न फोडलेला पुडा सापडला. उद्धवने तो घरी आणला आणि बायकोच्या स्वयंपाकघरात परातीत फोडला. बुरसटलेल्या चहाच्या भुकटीतून एकतीस नंबर निघाला. त्याची बायको मंदा हिने ती भुकटी चाळून दिली, परात घासली आणि विचारले की आता एक कुणाला देणार. उद्धव म्हणाला, बघू.

त्या बघूला चार वर्षे झाली होती. महाराष्ट्रातल्या तीस माणसांत तिघांकडेच एकतीस नंबर होता, आणि त्या तिघांत आपण आहोत याचे उद्धवला फार अप्रूप होते. चौथा झाला की तेवढे आपले कमी होणार, असा त्याचा हिशेब होता. शिवाय डबल आहे हे कळले तर रिवाजाप्रमाणे द्यावे लागणार. म्हणून त्याने दुसरे कार्ड पहिल्याच्या मागे त्याच कप्प्यात सरकवून ठेवले. पुढून बघितले तर पहिल्याचा चेहरा दिसे, मागून बघितले तर दुसऱ्याची पाठ. मध्ये दोन कार्डे आहेत हे कुणाच्या बापाला कळले नसते.

औशाला महानंदा बिराजदार नावाच्या बाई राहत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचाही ब्लॉग होता आणि त्यांच्या यादीत एकच आकडा होता, एकतीस. तो का हवा, हे त्यांनी एकदा लिहिले होते. त्यांची कार्डे मुळात त्यांच्या थोरल्या भावाची, अण्णांची. लहानपणी अण्णांना एकतीस नंबर मिळाला होता. तो दुर्मिळ आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. शेजारच्या पोराचा लाल भोवरा अण्णांच्या मनात भरला आणि भोवऱ्यापायी त्यांनी पैलवान देऊन टाकला. महिन्याभरात भोवरा फुटला. तोवर शेजाऱ्यांनी गाव सोडले होते. पुढे बाकीचे सत्तेचाळीस जमले, हा एक परत मिळाला नाही. आता अण्णांना अर्धांगवायू झाला होता. उजवे अंग गेले, वाचाही गेली. रोज संध्याकाळी बहीण तो जुना अल्बम त्यांच्या मांडीवर उघडून ठेवी. अण्णा डाव्या हाताने एकेक पान उलटत आणि एकतीसच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून बहिणीकडे बघत. डॉक्टरांनी सांगितले होते की दुसरा झटका कधीही येऊ शकतो. तेवढे एक कार्ड त्यांच्या हयातीत मिळावे, यापलीकडे माझे काही मागणे नाही, असे बाईंनी शेवटी लिहिले होते.

उद्धवने हे सगळे वाचले. वाचून त्याला वाईटही वाटले. त्याने खाली दोन ओळी लिहिल्या की वाचून मन हेलावले, प्रयत्न सोडू नका, कार्ड नक्की मिळेल. हे लिहिताना अल्बम त्याच्या कोपराशी होता आणि अल्बमात एकतिसाव्याच्या मागे एकतिसावा होता. माणूस काय काय करू शकतो ते बघा.

त्यानंतर दोन महिन्यांनी औशाहून उद्धवच्या नावे पाकीट आले. आत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये जपून ठेवलेला चव्वेचाळीस नंबरचा पैलवान होता. सोबत बाईंची वळणदार अक्षरातली चिठ्ठी. तुमच्या यादीत बघितले, आमच्याकडे डबल होते, म्हणून पाठवते आहे. वरचे म्हणून तीन नंबर ठेवला आहे.

उद्धव आनंदाने खुर्चीतून उठला. एका गिऱ्हाइकाला अर्धवट बसवलेल्या काचेचा चष्मा तसाच हातात देऊन त्याने उद्या या म्हणून सांगितले. पन्नास वर्षे रिकामा राहिलेला कप्पा त्या दुपारी भरला. त्याने बायकोला दुकानात बोलावून घेतले, अल्बम दाखवला, पेढे आणवले. मंदानेही कौतुकाने बघितले. हा माणूस इतका खूश झालेला तिने मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग तो ‘पाकीट आलं’ लिहायला बसला. सवयीने कार्ड कप्प्यातून पुन्हा बाहेर काढले, भिंग डोळ्याला लावले आणि नेहमीसारखे लिहू लागला. रंग, चांगला. पाठ, स्वच्छ. कोपरे. इथे त्याचा हात थांबला.

कार्ड वयाप्रमाणे पिवळसर झाले होते. चारी कोपरे मात्र पांढरेशुभ्र होते, इवल्या इवल्या तिकोनांसारखे. असे कोपरे कधी होतात ते या नादातल्या माणसाला सांगावे लागत नाही. जुन्या अल्बमांत फोटो लावायला काळ्या कागदाचे तिकोनी कोपरे असत. वर्षानुवर्षे कार्ड त्यात राहिले की झाकलेला भाग तेवढा पांढरा राहतो आणि बाकीचे पिवळे पडते. डबल कार्डे कोणी अशी लावत नाही. ती रबर लावून डब्यात टाकलेली असतात. म्हणजे हे कार्ड डबल नव्हते. अण्णांच्या अल्बमात पन्नास वर्षे बसलेले एकुलते एक कार्ड बाईंनी काढून दिले होते, आणि घेणाऱ्याला ओशाळे वाटू नये म्हणून डबल आहे असे लिहिले होते.

उद्धवने त्यांचा ब्लॉग उघडून बघितला. तळाच्या यादीत अजूनही एकतीस एवढाच आकडा होता. चव्वेचाळीस त्यांनी हवे म्हणून लिहिलेच नव्हते, कारण लिहिले असते तर त्याला कळले असते.

त्याने ही गोष्ट बायकोला सांगितली. सांगताना त्याचा सूर असा होता की बघ, लोक किती चांगले असतात. मंदाने पेढ्याचा पुडा बांधून ठेवला आणि म्हणाली,

“तिनं आपल्या ताटातलं काढून वाढलंय तुम्हाला. आणि तुमच्या डब्यात तर दुसरं पडलंय की.”

उद्धवने अल्बम मिटून ठेवला. पण बोलणे लागले होते. दोन दिवस त्याने लोकांच्या चष्म्यांचे नंबर चुकीचे काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने ठरवले की दुसरा एकतीस नंबर औशाला पाठवायचा. ठरवल्याबरोबर त्याला इतके हलके वाटले की तो मनातल्या मनात ब्लॉगवरचा मजकूरही जुळवू लागला. अखेर एकतीस सापडला, असे काहीतरी लिहावे. कुठे सापडला ते मोघम ठेवावे. लोक वाहवा करतील, अण्णांचा अल्बम भरेल, आपला अठ्ठेचाळीसचा संचही शाबूत राहील. दान करावे आणि हाताला झळही लागू नये, असा हा बेत होता.

दुकान उघडून त्याने अल्बम समोर घेतला आणि चिमट्याने मागचे कार्ड ओढले. ते आले नाही. त्याने जरा जोर लावला, तर दोन्ही कार्डे मिळून बाहेर आली. चार पावसाळ्यांची ओल प्लास्टिकच्या बंद कप्प्यात कोंडली होती, आणि घट्ट दाबून बसवलेल्या मागच्या कार्डाचा रंग पुढच्याच्या पाठीला चिकटला होता.

एकेक कार्ड वेगळ्या कप्प्यात असते तर काही झाले नसते. बाकीच्या सत्तेचाळीस कार्डांना काही झाले नव्हते. लपवायला म्हणून जे दोन एकत्र कोंबले होते, तेवढेच नासले होते.

उद्धवने मंदाला चहाचे आधण ठेवायला सांगितले आणि वाफेवर कार्डे धरली. मग काचा बसवायच्या पातळ पात्याने केसाकेसाने सोडवू लागला. त्याचा हात कसबी होता. पण कागद पन्नास वर्षांचा होता आणि रंगाने त्याला सोडले नाही. तासाभराने दोन कार्डे वेगळी झाली तेव्हा पुढच्याचा चेहरा जसाच्या तसा होता, पण पाठीवर दुसऱ्याच्या रंगाचे चट्टे बसून अक्षर दिसत नव्हते. मागच्याची पाठ छान राहिली होती, नाव, गाव, वजन, डाव सगळे वाचता येत होते, पण त्याचा चेहरा पार गेला होता. तिथे नुसता पांढरा खरबरीत कागद. एका पैलवानाला चेहरा उरला आणि दुसऱ्याला नाव.

मंदा दारात उभी राहून बघत होती. तिने उरलेल्या आधणात चहा टाकला आणि दोन कप घेऊन आली.

आता उद्धवची खरी परीक्षा सुरू झाली. कारण आता द्यायचे म्हणजे चेहरा असलेले एकच कार्ड होते. ते दिले की पन्नास वर्षांनी पुरा झालेला संच चार दिवसांत मोडणार. तिघा मानकऱ्यांतून आपले नाव जाणार. न दिले तर? कुणाला काय ठाऊक होते? दोन होती हे मंदा सोडून कुणाला माहीत नव्हते, आणि मंदाचा काही ब्लॉग नव्हता. बाईंनी त्याच्याकडे काही मागितले नव्हते. रिवाजही त्याच्या बाजूने होता. डबल असेल तरच द्यायचे, असाच रिवाज होता. आता त्याच्याकडे डबल राहिले नव्हते. चोरी करणाऱ्याला कायदा जसा नेमका आठवतो, तसा उद्धवला त्या दिवशी रिवाज आठवला.

दुपारी बाईंचा मोबाइलवर निरोप आला. पाकीट मिळाले ना, टपालात भिजले तर नाही ना, असे त्यांनी विचारले होते. ‘पाकीट आलं’ ब्लॉगवर दिसले नाही म्हणून त्यांना काळजी लागली होती. आपण आपले एकुलते एक कार्ड दिले आणि ते वाटेत हरवले की काय, एवढेच बाईंच्या मनात असणार. उद्धवला भयंकर लाज वाटली.

निदान पोच तरी द्यावी म्हणून त्याने तो अर्धवट मजकूर उघडला. रंग, चांगला. पाठ, स्वच्छ. कोपरे. त्यापुढे काही लिहिलेले नव्हते. कोपरे पांढरेशुभ्र, असे लिहावे तर का, तेही लिहावे लागणार. कोपरे बरे, असे लिहावे तर ते खोटे होते, आणि कार्डाविषयी खोटे त्याने आजवर कधी लिहिले नव्हते. लोकांना दुखावले होते, पण खोटे लिहिले नव्हते. 

मग त्याने अल्बम उघडला. सवयीने बोट चव्वेचाळीसच्या कप्प्यावर गेले. तिथे आता औशाचा पैलवान होता. पन्नास वर्षे ते बोट त्या रिकाम्या जागेवर जात होते, तेव्हा ते काय असते हे उद्धवला पक्के ठाऊक होते. तेच औशालाही एक माणूस रोज संध्याकाळी करत होता, फक्त त्याला तोंडाने सांगता येत नव्हते. त्या माणसाला आपण प्रयत्न सोडू नका असे लिहिले होते. उद्धवच्या डोळ्यांत पाणी आले. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला, तरी समोरचे काही नीट दिसेना.

त्याने पाकीट घेतले. चेहरा असलेला एकतीस नंबर दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला. वरचे म्हणून डबल कार्डांच्या डब्यात हात घातला, तर हाताला सवयीने नववाच आला. तोही तसाच घातला. मग चिठ्ठी लिहिली.

“ताई, हे कार्ड माझ्याकडे चार वर्षं डबल होतं. तुम्ही अण्णांबद्दल लिहिलंत तेव्हाही डबल होतं. मी लपवलं, म्हणून दोन्ही खराब झाली. चेहरा आहे तो पाठवतो. पाठ वाचता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.”

आणि मग ब्लॉगवर त्याने ‘पाकीट आलं’ लिहिले. कोपरे पांढरेशुभ्र आहेत आणि ते तसे का आहेत, हे लिहिले. आपल्याकडे काय होते, ते कुठे दडवले होते आणि त्याचे काय झाले, तेही लिहिले. चेहरा गेलेल्या कार्डाचे चित्र लावले. औशाहून आलेल्या कार्डाला त्याने गुण दिले नाहीत. आपल्या कार्डाला मात्र दिले, दहापैकी शून्य. मजकूर चढवल्यावर त्याने मोबाइल बंद करून गल्ल्यात टाकला, कारण पुढे काय वाचावे लागेल याची त्याला धास्ती होती.

मंडळींनी त्याला फारसे फाडून खाल्ले नाही. दोघातिघांनी कडक लिहिले, ते योग्यच होते. शेवडेकाकांनी एकच ओळ लिहिली. भिंग इतकी वर्षे उलट्या बाजूने धरले होतेस, आता सुलट धरलेस, असे त्यांचे म्हणणे होते.

दहा दिवस औशाहून काही कळले नाही. ते दहा दिवस उद्धवला फार जड गेले. कार्ड पोचले असेल का, अण्णा असतील का, बाई रागावल्या असतील का, हे तो मंदाला पुन्हा पुन्हा विचारी. ती म्हणे, मला काय स्वप्न पडतंय होय. अकराव्या दिवशी पोस्टमन पाकीट घेऊन आला. आत चिठ्ठी होती.

“उद्धवभाऊ, तुमचा राग आला होता, खोटं सांगत नाही. दोन दिवस मी पाकीट अण्णाला दाखवलंच नाही. मग म्हटलं, राग माझा, कार्ड त्याचं. संध्याकाळी ते जागेवर लावून अल्बम त्याच्या मांडीवर ठेवला. एकतीसच्या पानावर आला आणि त्यानं बोट पैलवानाच्या तोंडावर ठेवलं. बराच वेळ काढलंच नाही.

“एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. चव्वेचाळीस मी दिलं नव्हतं, अण्णानं दिलं. तुमच्या ब्लॉगवरचा तुमचा अल्बम मी त्याला मोबाइलवर दाखवत होते. तुमचा रिकामा कप्पा बघून तो थांबला. मग आपल्या अल्बमातलं चव्वेचाळीस डाव्या हातानं ओढून काढलं आणि माझ्या हातात कोंबलं. मी नको म्हटलं तर ऐकेना. रिकाम्या जागेचं त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

“आता तुमचं चेहरा नसलेलं कार्ड फेकू नका. अल्बमात लावा. त्यासाठी चव्वेचाळीसचे कोपरे पाठवते, इथे ते रिकामेच आहेत. हे अण्णाचं वरचं समजा. आणि तुमचा नववा पोचला. तो बघून खात्री पटली की पाकीट गडहिंग्लजचंच आहे.”

चिठ्ठीच्या घडीत काळ्या कागदाचे चार तिकोनी कोपरे होते. पन्नास वर्षांचा डिंक त्यांच्या पाठीला अजून होता.

उद्धवने चिठ्ठी मंदाला वाचून दाखवली. नवव्याच्या ओळीला ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग पदराने डोळे पुसत आत गेली. उद्धवने अल्बमात प्लास्टिकच्या कप्प्यांच्या आधी एक जाड पान घातले. त्यावर ते चार कोपरे चिकटवले आणि त्यांत चेहरा गेलेला एकतीस नंबर पाठ वर करून बसवला. नाव, गाव, वजन, आवडता डाव.

संच आता दोघांचेही सत्तेचाळीसचे आहेत. उद्धवच्या यादीत एकतीस आहे आणि महानंदाबाईंच्या यादीत चव्वेचाळीस, दोघांनाही त्याची घाई नाही. गडहिंग्लजहून पाकीट आले की वरचे म्हणून काय निघेल ते आता कुणाला आधी सांगता येत नाही. एकदा तर वाईला शेवडेकाकांना उद्धवच्या अल्बमातले कोरे करकरीत कार्ड गेले, डब्यातले मळके डबल त्याने स्वतःला ठेवले, आणि आलेल्या कार्डाचे टोकदार कोपरे बघून काकांनी लगेच फोन केला.

दुकानात कोणी अल्बम चाळू लागले की पहिल्याच पानावर त्याला ते पाठमोरे कार्ड दिसते. हा पैलवान उलटा का लावला, असे तो विचारतो. उद्धव काच पुसता पुसता सांगतो की नाव तेवढे इथे आहे, माणूस औशाला आहे.

तात्पर्य: द्यायचे ते वेळेवर द्यावे, दडवून ठेवलेली वस्तू आपलीही राहत नाही आणि दुसऱ्याच्याही कामी येत नाही.